थोरल्याची लस, धाकट्याचं रक्षण



मेनिंगोकॉकस या जिवाणूची आम्हा बालरोगतज्ज्ञांना धास्ती वाटते ती त्याच्या वेगामुळे. सकाळी ताप, अंगदुखी म्हणून निजलेलं पोर रात्री अतिदक्षता विभागात असू शकतं. अंगावरचे जांभळट ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके होत नसतील, तर क्षणही दवडू नये. उपचार मिळूनही 10 रुग्णांपैकी सुमारे 1 दगावतो.

हा जिवाणू राहतो मात्र निरोगी माणसांच्या घशात, आणि सर्वांत जास्त 18-19 वर्षांच्या मुलामुलींच्या. त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ती घरी येतात, धाकट्या भावंडाचा मुका घेतात. ब्रिटनचं लसीकरणाचं वेळापत्रक बदलत गेलं ते या घशांकडे पाहून.

1999 मध्ये तिथे या जिवाणूच्या सी प्रकारावरची लस सुरू झाली. बाळांबरोबर मोठ्या मुलांनाही ती दिली, आणि लस न घेतलेल्यांतही आजार घटला. 2009 नंतर डब्ल्यू प्रकार वाढू लागला. म्हणून 2015 पासून 13-14 वर्षांच्या मुलांना ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही प्रकारांवरची एकच लस शाळेत मिळू लागली. आणि जुलै 2025 पासून वर्षाच्या बाळाची सी लस बंदच झाली. ती ज्या जोडलशीतून दिली जायची, ती बनवणं कंपनीनं थांबवलं होतं. शिवाय मोठ्यांच्या लसीनं बाळं सुरक्षित राहतात, हे दिसलं होतं.

बी प्रकाराचं तसं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे 35,000 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात बी लसीनं घशातला जिवाणू कमी झाला नाही. ती लस ज्याला टोचली त्याचंच रक्षण करते, म्हणून ब्रिटनमध्ये ती तान्ह्यांना देतात.

सी प्रकारासाठी बाळांऐवजी किशोरांना लस देण्याचा हा बदल मला शास्त्राला धरून वाटतो, पण काळजीही वाटते. बाळाला आई दवाखान्यात आणतेच. 14 वर्षांच्या मुलाचा संमतीचा कागद दप्तरात चुरगळून राहतो, टोचणीच्या दिवशी तो शाळेत नसतो. आता ती चुकलेली लस त्याची एकट्याची नाही. शाळेशाळेत फिरणाऱ्या परिचारिकांना पुरेसं मनुष्यबळ आणि पुन्हा फेरी मारायला वेळ मिळाला, तरच हे वेळापत्रक टिकेल.

भारतातल्या सार्वत्रिक लसीकरणात चार प्रकारांवरची ही लस नाही. हजयात्रेकरूंना ती सक्तीची असते. तुमचा मुलगा किंवा मुलगी यंदा ब्रिटनला शिकायला जाणार असेल, तर निघण्याच्या निदान 2 आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन ही लस जरूर घ्या.