कोड सांगा, ओटीपी सांगू नका

(वसतिगृहाच्या पालक मेळाव्यात, बँकेतून निवृत्त होऊन आता आपल्या संस्थेचे हिशेब पाहणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने केलेले हे भाषण. जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या पालकांच्या आणि आपल्या देणगीदारांच्याही उपयोगी पडेल म्हणून ते येथे देत आहोत. – संपादक)



भात झोडून झालं, दिवाळी उरकली की तुमच्यापैकी अर्ध्या घरांना कुलूप लागेल. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे भट्टीवर जाईल. लेकरं इथे वसतिगृहात, म्हातारी माणसं पाड्यावर. पावसाळ्याआधी तुम्ही परत येईपर्यंत घरी पैसे पाठवायचे ते बँकेतूनच. ते ज्याचे त्यालाच मिळावेत, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. ज्याची गोष्ट आहे तो भाऊ इथेच बसला आहे. त्यानेच मला म्हटलं, "सर, सांगा, म्हणजे दुसऱ्याचं तसं व्हायचं नाही." भट्टीजवळच्या एका दुकानातून त्याने आईच्या खात्यात आठ हजार रुपये पाठवायला सांगितले. खाते क्रमांक खिशात चुरगळलेल्या चिठ्ठीवर होता. त्यातला सात दुकानदाराला एक वाटला. आईचं नाव बरोबर होतं, शाखेचा कोड बरोबर होता, पैसे गेल्याची पावतीही मिळाली. आई मात्र जीपचं भाडं भरून तीनदा बँकेत गेली आणि तीनदा रिकाम्या हाताने परतली.

पैसे गेले होते त्याच बँकेतल्या दुसऱ्या एका माणसाच्या खात्यात. त्याला वाटलं, कुठल्या तरी योजनेचे आले. त्याने घरावर पत्रे घातले. बँकेने त्याला बोलावलं, समजावलं. पण त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून पैसे काढून देता येत नाहीत. माणूस भला होता. त्याने थोडे थोडे करून फेडले, शेवटचे दोन हजार मोहाची फुलं विकून दिले. तोवर त्या आईने दुकानातून उधारीवर तांदूळ आणला.

तुम्ही विचाराल, नाव बरोबर होतं ना, मग चुकलं कसं? कारण पैसे जमा करताना यंत्र नाव बघत नाही. २०१० साली रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं की अशा व्यवहारात रक्कम खाते क्रमांकावरच जमा होईल, आणि तो क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आपला पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचून पाडा ओळखतो. यंत्राला तुमची आई ठाऊक नाही, त्याला फक्त आकडे ठाऊक आहेत.

त्यातला एक आकडा म्हणजे तुमचा खाते क्रमांक. दुसरा म्हणजे शाखेचा कोड, ज्याला आयएफएससी म्हणतात. खाते क्रमांक हे घर, तर कोड हे गाव. पासबुक काढा, पहिलं पान बघा. अकरा अक्षरांचा कोड दिसेल. चेकबुक असेल तर प्रत्येक चेकवरही तो छापलेला असतो. पहिली चार अक्षरं बँकेची. भारतीय स्टेट बँकेची एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्रची एमएएचबी. पाचव्या जागी नेहमी शून्य. पुष्कळ जण तिथे इंग्रजी 'ओ' लिहितात आणि मग म्हणतात, कोड लागत नाही. शेवटची सहा अक्षरं किंवा आकडे शाखेचे. चेकच्या खाली नऊ आकड्यांचा आणखी एक क्रमांक असतो, तो एमआयसीआर. तो चेक वटवण्यासाठी असतो, पैसे पाठवताना तो द्यायचा नाही.

आता कोडबद्दल आमची स्वतःची चूक कबूल करतो. आपलं एक जुनं खातं होतं ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. कोड बदलला. पण या त्रैमासिकातल्या देणगीच्या चौकटीत आम्ही जुनाच कोड छापत राहिलो. पुण्याच्या एका आजोबांची देणगी त्यामुळे परत गेली. त्यांनी फोन करून विचारलं म्हणून आम्हाला कळलं. ज्यांनी विचारलं नाही असे किती असतील, ते कसं सांगू? त्या पैशांत मुलांची अंथरुणं-पांघरुणं आली असती.

हे आपल्याच बाबतीत घडलं असं नाही. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. बँक बदलली की कोडही बदलू शकतो. जुनं पासबुक असेल तर शाखेत जाऊन नवं घ्या आणि कोड विचारून घ्या. काही ग्रामीण बँकांच्या साऱ्या शाखांना मिळून एकच कोड असतो, म्हणून शेजारच्या गावाचा आणि आपला कोड सारखा दिसला तर घाबरू नका. पण अंदाजाने लिहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेली काही वर्षं मी एक उलटी गोष्ट बघतो आहे. खाते क्रमांक आणि कोड मागितला की आपली माणसं पासबुक पदराखाली लपवतात. आणि फोनवर कुणी गोड बोलून "मोबाईलवर आलेला नंबर सांगा" म्हणाला, की लगेच वाचून दाखवतात! ओळखीच्या माणसाला पैसे पाठवायचे असतील तर त्याला खाते क्रमांक आणि कोड द्यायला भिऊ नका. तेवढ्यावर पैसे येतात, जात नाहीत. कोड तर गुप्त नसतोच, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर साऱ्या देशातल्या शाखांचे कोड आहेत. पैसे जातात ते ओटीपी, पिन आणि कार्डाच्या मागच्या तीन आकड्यांमुळे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन दाबा" असं जो म्हणेल तो चोर.

आणखी एक. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो" असं म्हणत कुणी आपल्या तरुण पोरांकडे येतं. देऊ नका. चोरीचे पैसे त्या खात्यातून फिरवले जातात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

पाठवणाऱ्याने काय करायचं? खाते क्रमांक तोंडी सांगू नका, पासबुकाच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो जवळ ठेवा. पैसे पाठवण्याआधी आकडे एकाने वाचावेत, दुसऱ्याने पासबुकाशी ताडावेत. एनईएफटी आणि आरटीजीएसने पाठवताना खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. म्हणून नाव दिसल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. नव्या खात्यात आधी एक रुपया पाठवा. तो पोचल्याचा घरून फोन आला की मग बाकीचे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते, तेव्हा घाई करायचं कारण नाही. पावती मात्र घ्या. त्यावरचा व्यवहार क्रमांक नसेल तर बँकेत तक्रार पुढे सरकत नाही.

चूक झालीच तर त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे चोराने काढून घेण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येतात. लाजेने चार दिवस गप्प बसलात तर हाती काही लागत नाही.

आणि सरकारी योजनेचे पैसे? त्यातले बरेच आधारवर येतात. ते शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं असेल त्या खात्यात पडतात. "पैसे आले नाहीत" असं वाटलं तर मागे कुठे दुसरं खातं उघडलं होतं का, ते आधी आठवा.

आज बाहेरच्या टेबलावर कोरी कार्डं ठेवली आहेत. आपल्या मुली, आठवी-नववीच्या, तिथे बसल्या आहेत. पासबुक त्यांच्याकडे द्या. त्या खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि कोड ठळक अक्षरात लिहून देतील, दुसरी मुलगी ते तपासेल. एक कार्ड भट्टीवर न्यायचं, एक घरी आजीजवळ. मागच्या बाजूला १९३० लिहिलेलं आहे. त्या कार्डावर पिन लिहू नका. मुलींनी विचारला तरी सांगू नका. अर्थात त्या विचारणार नाहीत. तसं त्यांना शिकवलं आहे.

तुमचा पैसा उन्हातान्हात विटा थापून आलेला आहे. तो पाठवताना दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.