कवचावरच्या खुणा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. जुने कॅल्क्युलेटर दुरुस्त करतो, असं सांगितलं की लोक हसतात. 'शंभर-दोनशे रुपयांत नवा मिळतो की!' म्हणतात. खरं आहे. म्हणूनच आज एकाच यंत्राबद्दल बोलतो.

आपण लॉगची कोष्टकं उलटत वाढलो. इंजिनिअरिंगला गेलेल्यांच्या हाती स्लाइड रूल आला. त्या स्लाइड रूलला ज्याने घरी बसवलं, तो हा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५. साल १९७२, किंमत ३९५ डॉलर. लॉग, साइन, कोसाइन करणारा हा खिशात मावणारा पहिला कॅल्क्युलेटर. बटणं ३५, म्हणून नाव ३५.

गंमत अशी की याचं कवच आधी ठरलं आणि आतलं यंत्र मागाहून त्यात बसवलं गेलं. बिल ह्यूलेट यांना तो शर्टाच्या खिशात मावायला हवा होता. एडवर्ड लिल्येनवॉल या रचनाकाराने आकार ठरवला आणि इंजिनिअर मंडळींनी त्या आकारात सगळं कोंबलं. बटणांवरची अक्षरं छापलेली नाहीत, दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतून घडवलेली आहेत. त्यामुळे बटण कितीही झिजलं तरी अक्षर जात नाही.

आता खुणांकडे वळू. अगदी सुरुवातीच्या यंत्रांत चालू-बंद करण्याच्या खटक्याशेजारी एक लहान लाल ठिपका दिसतो. पुढच्या यंत्रांत तो नाही. आधीच्या पट्टीवर नुसतं कंपनीचं नाव आहे, कारण तेव्हा भावंडं नव्हती. पुढे त्याच घराण्यात आणखी यंत्रं आली आणि पट्टीवर '३५' हा आकडा चढला. एका वर्गात दोन सुरेश आले की बाईंना आडनाव घ्यावंच लागतं, तसंच हे.

मागच्या बाजूला क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे १९६० मध्ये मिळवले की वर्ष मिळतं, पुढचे दोन म्हणजे आठवडा, आणि मग देशाचं अक्षर. '१३०२' आणि पुढे सिंगापूरचं अक्षर दिसलं, तर यंत्र १९७३ च्या दुसऱ्या आठवड्यातलं, सिंगापूरचं. यंत्राची जन्मपत्रिकाच ती!

हे कशाला बघायचं? सुरुवातीच्या यंत्रांत एक चूक होती. २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन त्यावर पुन्हा ई चा घात केला, तर २.०२ यायला हवेत, यायचे नुसते २. कंपनीने ते मान्य केलं आणि ग्राहकांना दुरुस्ती देऊ केली. म्हणून लाल ठिपका दिसला तरी आत चूक असेलच असं नाही. आतला भाग बदललेला असू शकतो. बाहेरचं कवच जन्म सांगतं, आतलं खरं काय ते हिशोब करूनच कळतं. उत्तराचा अंदाज आधी बांधा, मग आकडेमोड करा, असं गणिताचे सर का बजावायचे, ते इथे पटतं.

गेल्या वर्षी एका घरून असंच यंत्र आलं. वडिलांनी परदेशातून आणलेलं. वडील आता नाहीत, आणि मुलीला एवढंच हवं होतं की ते नेमकं कधीचं. पण साफसफाईत कुणीतरी मागचा कळकट कागद खरवडून काढला होता. वर लाल ठिपकाही नव्हता. यंत्र मी चालू करून दिलं, वर्ष मात्र देऊ शकलो नाही. ती काही बोलली नाही, पण यंत्र हातात घेऊन बराच वेळ बसली होती.

म्हणून तुम्हा सर्वांना तीन विनंत्या. घरी गेल्यावर जुना कॅल्क्युलेटर शोधा आणि सेल काढून ठेवा, कारण गळलेला सेल आतली पट्टी खाऊन टाकतो. एचपी-३५ असेल तर आत बॅटरी नसताना चार्जर लावून चालू करू नका. आणि तिसरी महत्त्वाची: मागचा कागद, पट्टी, झिजलेलं बटण यांपैकी काहीही 'नवं' करू नका. कोरड्या फडक्याने पुसा, क्रमांक वहीत उतरवा आणि शेजारी लिहा, हे कुणाचं होतं. क्रमांकावरून वर्ष कळतं, माणूस कळत नाही. तो आपणच लिहून ठेवायचा.

कुणाकडे बंद पडलेलं यंत्र असेल तर जरूर माझ्याकडे आणा. मजुरी चहाची.