पावसात गाडी दमानं



मृग लागला, पेरणीची घाई सुरू झाली आणि रस्ते ओले झाले. बियाणं, खत, कर्ज यावर या कार्यक्रमात बोलणं होतच असतं. आज आम्ही गाडीवर बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, "ते पुरुषांचं काम, आपल्याला काय त्याचं?" तर जरा आठवून बघा. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर कोण बसतं? भाताच्या लावणीला जाताना पिकअपच्या हौद्यात कोण उभं असतं? कर्ज काढून पोरानं मोठी गाडी घेतली, तर रात्री पावसात तो घरी येईपर्यंत जागं कोण राहतं?

आमच्या गटाची भाजी पाटणहून कराडच्या बाजाराला पिकअपनं जाते. आमच्यातल्या दोघी ती चालवतात, बाकीच्या वडापनं फिरतात. त्यामुळे स्टेअरिंगमागचं आणि मागच्या बाकावरचं, दोन्हीकडचं आम्हाला ठाऊक आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. इंजिनाची ताकद गाडीच्या कुठल्या चाकांना जाते? अल्टो, स्विफ्ट अशा लहान गाड्यांत ती पुढच्या चाकांना जाते. पुढची चाकं गाडीला ओढत नेतात, जशी बैलं गाडीला ओढतात. पण बोलेरो, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, ईको, जुनी इनोव्हा, आणि स्कॉर्पिओची बहुतेक मॉडेलं यांत इंजिन पुढे असलं तरी गाडीखालून एक लांब दांडा मागे जातो आणि मागची चाकं फिरवतो. म्हणजे ही गाडी मागून ढकलली जाते. आपल्याकडची वडापची, मालाची, लग्नाच्या वऱ्हाडाची बहुतेक वाहनं याच जातीची.

हातगाडी ढकलताना काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोरड्या रस्त्यावर ती सरळ जाते. चिखलात वळण घेताना मागून जोर लावला, तर तोंड एकीकडं आणि मागचा भाग दुसरीकडं जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पावसात नेमकं हेच होतं. वळणावर चालकानं जोरात रेस दिली की मागची चाकं रस्ता सोडतात, जागेवर फिरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. कधी कधी गाडी गर्रकन पूर्ण फिरते. आणि बायका बसलेल्या असतात मागच्याच भागात.

गाडी जितकी ताकदवान, तितकं हे लवकर होतं. बोलेरोचं इंजिन साधारण ७५ घोड्यांचं. नव्या स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेल मॉडेलचं पावणेदोनशेच्या आसपास. पायाखाली एवढा जोर असला की कोरड्या रस्त्यावर मजा वाटते. ओल्या रस्त्यावर मात्र पाय अर्धा इंच जास्त दाबला गेला तरी चाकांना तो जोर पेलत नाही. महागड्या गाड्यांत असं फिरणं ओळखून आपोआप सावरणारी यंत्रणा असते, पण तिच्या भरवशावर वेग वाढवणं बरोबर नाही. टायर आणि रस्ता यांची पकड जेवढी आहे तेवढीच राहते, कुठलीही यंत्रणा ती वाढवू शकत नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचंही तेच. चिखलातून ती निघेल, पण ब्रेक मारल्यावर इतरांपेक्षा लवकर थांबेल असं नाही.

आता पिकअपचं. पुष्कळांना वाटतं की माल भरलेली गाडी धोक्याची आणि रिकामी गाडी सोपी. पावसात रिकाम्या पिकअपची जास्त काळजी घ्यावी लागते. इंजिन पुढे, केबिन पुढे, चालक पुढे. मागे नुसता हौदा. मागच्या चाकांवर वजनच नाही, त्यामुळे ती रस्त्याला नीट धरत नाहीत, आणि गाडी ढकलायचं काम तर त्यांचंच. मागचे पाटेही मालाच्या हिशोबानं कडक केलेले असतात, म्हणून खड्ड्यात रिकामा हौदा उडतो. बाजाराला जाताना माल असतो, चालक जपून चालवतो. दुपारी माल विकून परतताना गाडी हलकी, चालकही मोकळा, आणि तेव्हाच पाऊस कोसळत असतो. आमच्या चालवणाऱ्या दोघी परतीच्या वाटेवर जाण्यापेक्षा हळू येतात. बाजारातले लोक हसतात. हसू देत.

याचा अर्थ वजन पाहिजे म्हणून हौद्यात माणसं भरायची असा नाही. उभी माणसं म्हणजे उंचावरचं वजन. वळणावर सगळ्याजणी एका बाजूला झुकल्या की गाडी कलंडायला वेळ लागत नाही. शिवाय मालाच्या गाडीतून माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी अशा प्रवाशांची भरपाई सहसा नाकारते. दिवसाच्या मजुरीसाठी निघालेल्या बाईच्या घरच्यांना पुढं कोर्टात खेटे घालावे लागतात. लावणीच्या दिवसांत दुसरी गाडी मिळत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण मुकादमाशी मजुरी ठरवताना गाडी कसली येणार, हेही ठरवता येतं. दहाजणींनी एकत्र विचारलं तर तो ऐकतो.

पहिल्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. उन्हाळाभर रस्त्यावर तेल, धूळ, टायरचं रबर बसलेलं असतं. पहिल्या सरीनं ते भिजतं आणि डांबरावर निसरडा थर येतो. मोठा पाऊस झाला की तो धुऊन जातो, म्हणून सुरुवातीचा रिमझिम पाऊस सांडलेल्या तेलावर पाय ठेवण्यासारखा समजावा. त्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येतो. तो आपल्याच शेतातला असतो, तेव्हा रस्त्यावर यायच्या आधी चाकं खरवडायला घरच्या माणसाला सांगायला हरकत नाही. घाटात कडेला शेवाळ धरतं आणि झाडाखाली पानं कुजतात. रस्त्यावरचा पांढरा पट्टासुद्धा ओला झाला की घसरतो.

ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर कोरड्यापेक्षा साधारण दुप्पट होतं. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे पुढं म्हैस दिसली आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलंच असतं. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की मोजायला लागा, एक हजार एक, एक हजार दोन, असं. आपण त्या झाडापाशी पोचेपर्यंत चार मोजून व्हायला पाहिजेत. मागच्या बाकावर बसूनही हे मोजता येतं.

वळण आलं की वेग वळणाच्या आधी कमी करायचा, सरळ रस्त्यावर असताना. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही, झटक्यानं रेस नाही, आणि रेसवरचा पाय झटक्यानं उचलायचाही नाही. गाडी सरळ झाली की मग हळूहळू रेस वाढवायची.

घाट उतरताना हेच आणखी महत्त्वाचं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्या मैत्रिणींनी लक्ष देऊन ऐका. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली की इंजिनच तिला रोखून धरतं, ब्रेक तापत नाहीत. चांगली गोष्ट. पण आपल्या या गाड्यांत ते रोखणं फक्त मागच्या चाकांवर येतं. भर वळणात, भर वेगात चालकानं खालचा गिअर टाकून क्लच खाडकन सोडला, तर मागची चाकं एकदम अडतात आणि घसरतात. म्हणून गिअर उतार सुरू व्हायच्या आधी बदलायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. हॅंडब्रेकही बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो, तेव्हा चालत्या गाडीत त्याला हात लावायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे काही महाभाग असतात. वाचलेलं डिझेल चहाच्या पैशाइतकं, आणि पणाला दहा जीव.

इतकं करूनही मागचा भाग सरकलाच तर? चालवणाऱ्या बहिणींसाठी हे सांगतो. ब्रेकवर जोरात पाय मारायचा नाही. रेसवरचा पाय अलगद उचलायचा. नजर दरीकडं न ठेवता जिकडं जायचंय त्या रस्त्यावर ठेवायची. मागचा भाग डावीकडं सरकला तर स्टेअरिंग डावीकडं, उजवीकडं सरकला तर उजवीकडं, आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ. हे रस्त्यावर पहिल्यांदा शिकायचं काम नाही. मोकळ्या मैदानात, ओल्या मातीवर, अगदी कमी वेगात, जाणकार माणूस शेजारी बसवून गाडी सरकल्यासारखी वाटते कशी, ते एकदा अनुभवावं.

चालकाला बोलायचं कसं, हा आमच्या बैठकीत नेहमी निघणारा प्रश्न. "बाई माणसाला काय कळतं," असं ऐकून घ्यावं लागतं. आम्ही भांडत नाही, ओरडत नाही. ओरडलं की तो दचकतो किंवा चिडून आणखी पळवतो. सरळ रस्ता लागला की एकीनं म्हणायचं, "दादा, दमानं घ्या. आम्हाला घाई न्हाय." दुसरीनं लगेच दुजोरा द्यायचा. तरी ऐकलं नाही, तर पुढच्या गावात सगळ्यांनी मिळून उतरायचं. भाडं बुडतं म्हटल्यावर कुणीही ऐकतो. घरच्या पोराला सांगताना मात्र चारचौघांत नको. "बाळा, पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणू नका, "चालवताना माझा फोन आला तर उचलू नको" हेही म्हणा. आपल्याच फोननं पोरांचं लक्ष उडतं.

बसणाऱ्यांमुळेही चालकाला त्रास होतो, तेही सांगतो. दहा-बारा जणी भिजल्या लुगड्यांनी जीपमध्ये बसल्या की काचेवर आतून वाफ धरते आणि चालकाला पुढचं दिसत नाही. तेव्हा पंखा काचेवर सोडायला लावा, दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, अंगावर चार थेंब आले तरी चालतील. आणि पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवायची नवी खोड लागली आहे, ती वाईट. गाडी कुठं वळणार हे मागच्याला कळत नाही. पुढचे दिवे खाली करून लावले की पुरे. ते चार इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात.

फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी थांबवा. "मोठी गाडी आहे, जाईल," असं म्हणणाऱ्याला हा हिशोब ऐकवा. जीपच्या तळाचं क्षेत्र सहा-सात चौरस मीटर असतं. पाणी तळाच्या वर वीतभर चढलं, साधारण १५ सेंटिमीटर, तरी ते आत शिरेपर्यंत गाडीला जवळजवळ एक टन वर उचलतं. दीड टनाची गाडी तेवढ्यानं निम्म्याहून हलकी होते. मग चाकांना रस्ता सापडत नाही, आणि वाहतं पाणी तिला बाजूला ढकलतं. लहान गाडीला एक फूट वाहतं पाणी पुरतं, मोठ्या जीपला दोन फूट. खाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही ते वेगळंच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल रात्री पुरात वाहून गेला, आणि दोन एसटी बसेससह काही गाड्या नदीत गेल्या. पुढं पूल उरलेला नाही, हे अंधारात दिसणार कसं? पूर चढलेला असताना रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर टाळा. पाहुण्यांकडं एक रात्र जास्त राहिलं तर कुणी काही म्हणत नाही.

शेवटी टायर. टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं. खाचा झिजल्या की पाणी टायरखाली साचतं, आणि वेगात गाडी त्या पाण्यावर तरंगत जाते. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक लागत नाही. अशा वेळी रेस सोडून, स्टेअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यायचा. खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे असा नियम आहे. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायचा. आमचं म्हणणं, पावसाळ्यात तेवढी वाट बघू नका. पैसे दोनच टायरचे असतील तर नवी जोडी मागच्या चाकांना घाला. एकाच दांड्यावर एक नवा आणि एक रिमोल्ड अशी जोडी नको. हवा किती भरायची हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, ते वाचून घ्या.

ज्या वडापनं तुम्ही रोज जाता, तिच्या मागच्या टायरच्या खाचेतले ते बारीक उंचवटे उद्या बसायच्या आधी बघा.  टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल, तर चालकदादाला तिथंच दाखवा आणि त्या दिवशी एसटीनं जा.