पाकिटावर आपली छाप



आज आपण पाकिटाबद्दल बोलणार आहोत. आतल्या मालाबद्दल नाही. शेंगाचटणी कशी कुटायची हे सोलापूरच्या बायकांना मी काय सांगणार? बोलायचंय ते वरच्या नावाबद्दल आणि चित्राबद्दल.

ब्रँड हा शब्द आपल्या तोंडी नव्हता, तेव्हाही 'छाप' होतीच. कासव छाप मच्छर अगरबत्ती, माकड छाप दंतमंजन. वाचता न येणारी आजीसुद्धा दुकानात "कासवाची द्या" म्हणायची आणि नेमकी तीच वस्तू घरी आणायची. एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडंच आणायचं, हे छापेचं काम.

आता आपल्या गटांकडं बघा. चटणी, कडक भाकरी, पापड आपण करतो आणि बराचसा माल सुटा, किलोवर व्यापाऱ्याला देतो. तो आपल्या पाकिटात भरतो, वर त्याचं नाव घालतो आणि चढ्या भावानं विकतो. त्याला दोष देत नाही मी. अडीनडीला तोच रोख पैसे देतो. पण खाणाऱ्याच्या लक्षात त्याचं नाव राहतं. उद्या त्यानं दुसरीकडून माल घेतला, तर आपल्याला शोधत कोण येणार? गटाचा कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

लिज्जत पापड तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडाची चारच पाकिटं झाली. नाव नंतर आलं. १९६२ मध्ये त्यांनी नावासाठी स्पर्धा घेतली, त्यातून 'लिज्जत' निवडलं. गुजरातीत लिज्जत म्हणजे चव, आपण लज्जत म्हणतो तेच. छोटं नाव, बोलायला सोपं, आणि ऐकताच खायची आठवण येते. फारसा पैसा खर्च न करता सुचलेली ही युक्ती आहे.

दुसरं उदाहरण पार्ले-जीचं. आधी ते पार्ले ग्लुको होतं. पण ग्लुकोज बिस्किटं बरेच जण काढू लागले, गिऱ्हाईक नुसतं "ग्लुकोज द्या" म्हणायचं आणि दुकानदार कुठलाही पुडा हातात ठेवायचा. मग १९८० च्या दशकात नाव पार्ले-जी केलं. म्हणून नुसतं 'घरगुती चटणी' किंवा 'गावरान मसाला' असं नाव ठेवू नका. ते सगळ्यांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. उलट, गाजलेल्या कंपनीसारखं नाव, तसाच रंग असंही करू नका. त्यात कायद्याची अडचण येते आणि आपली ओळखही होत नाही.

आमच्या एका गटानं चित्र ठरवायला तीन बैठका घेतल्या. कुणी कमळ म्हणालं, कुणी तुळस. शेवटी एका ताईंच्या कॉलेजातल्या मुलीनं शेंग काढली, उघडलेली, आत दोन दाणे. ते दोन दाणे म्हणजे पदर घेतलेल्या दोन बायकांचे चेहरे. एकाच चित्रात माल आला आणि करणाऱ्याही आल्या! तिनं ते एकाच रंगात काढलं, त्यामुळं साध्या रबरी शिक्क्यानंही कागदी पिशवीवर उमटतं. चार रंगांची छपाई परवडत नाही, तिथं हे चालतं.

तुमचं चित्र ठरलं की एक परीक्षा घ्या. न वाचणाऱ्या आजीला एकदाच दाखवा. आठ दिवसांनी चार पाकिटं पुढं ठेवा. तिनं आपलं ओळखलं तर छाप पडली.

चित्रापुढं बाकीचं विसरू नका. पदार्थाचं नाव, जास्तीपासून कमीपर्यंत सगळे घटक, निव्वळ वजन, करांसह किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून तेही स्पष्ट लिहायचं. 'साखर बरी होते', 'गुडघेदुखी जाते' असलं काही छापायचं नाही. खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो असा दावा कायद्याला चालत नाही.

आणि मैत्रिणींनो, छाप ही वचनासारखी असते. या महिन्यात तिखट, पुढच्या महिन्यात खारट, असं झालं तर तेच चित्र गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडं पाठवेल. मापं लिहून भिंतीवर लावा.

सगळा माल एकदम व्यापाऱ्याकडून काढून घेऊ नका. दहा किलोतला एक किलो स्वतःच्या पाकिटात भरा. आठवडी बाजारात, शाळेच्या कार्यक्रमात, बचत गटांच्या प्रदर्शनात ठेवा. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकच प्रश्न घ्या, आपल्या पाकिटावर काय असावं? सगळ्यांना बोलू द्या, कोपऱ्यात गप्प बसणारीलाही.