जमाखर्चातील एक लहान रक्कम
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आपल्या हाती असलेल्या जमाखर्चात 'समुपदेशन' या शीर्षाखाली एक लहान रक्कम दिसते. करोनाची साथ ओसरून इतका काळ लोटल्यावर हा खर्च चालू ठेवावा काय, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी केली आहे. प्रश्न रास्त आहे. वाणिज्य शाखेच्या मनुष्याला तर तो अधिकच रास्त वाटतो. उत्तरासाठी २०२० सालाकडे वळावे लागेल.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. शिर्डीचे साईमंदिर त्याआधीच, १७ मार्चला, बंद झाले होते. ते उघडले १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. या आठ महिन्यांत हारफुले विकणारे, लॉजचालक, रिक्षावाले आणि परिसरातील फूलउत्पादक यांच्या घरी काय अवस्था झाली असेल, ते सांगावयास नको. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. त्यांना गावी परतण्याची मुभा एप्रिलच्या मध्यास मिळाली. अशी माणसे आमच्याकडे आली ती झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन. मन थकले आहे, असे कोणी म्हणाले नाही. आपल्याकडे तसे म्हणण्याची रीत नाही.

विलगीकरण कक्षाचे दुःख निराळे होते. आत रुग्ण आणि फाटकाबाहेर लिंबाखाली नातेवाईक. औषधे, प्राणवायू यांची चौकशी नंतर, पहिला प्रश्न असे, "आमचे दादा जेवले का?" म्हणून दररोज सायंकाळी ठरलेल्या वेळी प्रत्येक घरी दूरध्वनी करण्याचे काम परिचारिकांकडे सोपविले. वार्ता वाईट असली तरी ती ठरल्या वेळी मिळणे, हे वार्तेविना रात्र काढण्यापेक्षा सुसह्य असते, असा आमचा अनुभव आहे. दूरध्वनीचे बिल नगण्य आले. मात्र रोज वीस घरांशी असे बोलणाऱ्या परिचारिकेचे मन कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न पहिल्या पंधरवड्यातच उभा राहिला आणि समुपदेशकाची नेमणूक प्रथम झाली ती त्यासाठी.

अंत्यदर्शनही न घडलेल्या कुटुंबांशी बोलताना येथील भुईकोट किल्ला आठवे. १९४२ पासून तेथे स्थानबद्ध असलेल्या मौलाना आझादांच्या पत्नीचे एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. अखेरची भेट झाली नाही. पहाटे उठून, स्वतः चहा करून ते मित्राला पत्रे लिहीत. ती पाठविता येत नव्हती, तरीही लिहीत. पुढे ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. सांगावयाचे राहून गेले ते लिहून काढा, असे आमच्या समुपदेशक भगिनीही अशा घरांतील माणसांना सुचवीत. काहींनी लिहिले, काहींना नुसते बसून राहणे पुरेसे वाटले.

पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे २०२१ मध्ये तत्कालीन आमदार निलेश लंके यांच्या पुढाकाराने उभारलेल्या सुमारे अकराशे खाटांच्या केंद्रात भजने, गाणी होत असत. त्यावर काहींनी नाके मुरडली. आम्हांस ते शुश्रूषेचेच अंग वाटते.

साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नमूद केले. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक घरी लिहून ठेवावा, ही विनंती. परंतु कर्ता पुरुष गेलेल्या घरातील भगिनीला कर्जाचा हप्ता आणि मुलाची शाळा यांविषयी समोरासमोर बोलावयाचे असते. अशा भगिनी आजही येतात.

पुढील अंदाजपत्रकात एका पूर्णवेळ समुपदेशकाच्या मानधनाची तरतूद सुचविली आहे. शस्त्रक्रियागृहातील यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, मानधनावर येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हा ठराव आपण मंजूर करावा. समुपदेशन कक्ष बाह्यरुग्ण विभागातच, रक्तदाब तपासणीच्या खोलीशेजारी आहे. त्यासाठी वेगळा केसपेपर काढावा लागत नाही.