अंगणापुरतं हलकं यंत्र

जूनमध्ये पाऊस लागला की वाशी-नेरूळच्या रो-हाउसपुढची वीतभर हिरवळ बघता बघता घोट्याला लागते. माळीकाका येणार पंधरा दिवसांनी. मग गवत कापायचं यंत्र घ्यायचं ठरतं, आणि दुकानात नजर जाते पेट्रोलच्या धुडाकडे. तिथंच चुकतं. २५-३० किलोचं ते वजन दोन पायऱ्या चढवताना कंबर बोलू लागते.

१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी पहिलं यंत्र काढलं, ते गिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून. फिरत्या रुळावर तिरकी पाती. ढकललं की चालतं. त्याच जातीचं बिनमोटारीचं यंत्र आजही मिळतं, साधारण ८-१० किलोचं. छोट्या, सपाट अंगणाला ते पुरतं. मात्र उंच गवत त्याखाली नुसतं आडवं पडतं, कापलं जात नाही. तिथं बॅटरीवरचं बरं. वायरवालं स्वस्त पडतं, पण ओल्या गवतात वायर ओढत फिरणं मला तरी नको वाटतं.

दुकानातच यंत्र उचलून, वळवून पाहा. दांडा कमरेशी येतो का? त्याची घडी होते का? पात्याची रुंदी ३०-३५ सेंटीमीटर पुरे. खाडीच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण बरं. तेवढंच वजनही कमी. काम झालं की आधी बॅटरी काढा, मग यंत्र आडवं करून चिकटलेलं गवत लाकडी पट्टीनं खरवडा.