न्हावा-शेव्याची पेटी आणि संगणकातली पेटी

श्रोतेहो, उरणच्या बाजूला तुमचे जाणे-येणे असेल, तर लोखंडी पेट्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत तुम्ही कधी ना कधी अडकून पडलाच असाल. लाल, निळ्या, तपकिरी पेट्या. काही वीस फूट लांब, काही चाळीस. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून ह्या पेट्या आपल्या जिल्ह्यात घरच्यासारख्या झाल्या आहेत. मौज अशी की, पेटीत काय भरले आहे हे क्रेनवाल्याला ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते. पेटीचे माप आणि तिचे चार कोपरे ठरल्याप्रमाणे आहेत, एवढे त्याला पुरते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या मालवाहतूकदाराने अशा ५८ पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. त्यापूर्वी गोणी, पिंपे, खोकी हातोहात चढत आणि हातोहात उतरत. एकेका जहाजाला गोदीत दिवसच्या दिवस लागत.

संगणकवाल्यांनी हीच युक्ती उचलली. मार्च २०१३ मध्ये 'डॉकर' नावाचे सॉफ्टवेअर लोकांपुढे आले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. त्याचे बोधचिन्हही पाठीवर पेट्या घेतलेला देवमासा असे आहे. ही पेटी-व्यवस्था संस्थेच्या सर्व्हरवर बसवायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि ती बसविताना माझ्या हातून काय राहून गेले, ते आज सांगणार आहे. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण गोष्ट शाळेच्या दप्तराची आहे.

आधी अडचण समजून घेऊ. समजा, एका यंत्रावर निकालपत्रकाचा प्रोग्रॅम आहे आणि ग्रंथालयाचाही आहे. पहिल्याला एका साहाय्यक प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला त्याचीच नवी. दोघांना एका चुलीवर बसविले की भांडण ठरलेले. पेटीत प्रत्येकाचा संसार वेगळा बांधून दिला जातो. मग ती पेटी अलिबागच्या यंत्रावर उघडा नाहीतर महाडच्या, आतला प्रोग्रॅम सारखाच चालतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ह्या पेट्या म्हणजे स्वतंत्र गावे नव्हेत. एका वाडीतली घरे म्हणा. भिंती वेगळ्या, दारे वेगळी, विहीर मात्र एकच. यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, तो सगळ्या पेट्या वाटून घेतात. म्हणूनच त्या हलक्या असतात आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सुरू होतात. पण विहीर नासली तर वाडीतल्या प्रत्येक घराला त्रास, हेही त्यातच आले.

आता ही विहीर कोणाची घ्यावी? संस्थांच्या कामासाठी ज्या ऑपरेटिंग सिस्टिम वापरतात, त्यांत 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' हे मोठे नाव. तिच्या एकेका आवृत्तीची देखभाल दहा वर्षे होते. तिचीच बिनपैशाची बहीण म्हणून पुष्कळ ठिकाणी 'सेंटओएस' असे. आम्हीही तीच घेतली होती. सेंटओएसच्या सातव्या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. तुमच्याकडे ती अजून चालू असेल तर त्या विहिरीचा गाळ आता कोणी काढीत नाही, असे समजा आणि तिच्यावर नवे काही बसवू नका.

बसविण्याचे काम तसे चहा निवेपर्यंत आटपणारे आहे. यंत्रावर आधीचे जुने डॉकर अथवा त्याच्याशी न जुळणारे भाऊबंद असतील तर ते काढावे. मग डॉकरचे सॉफ्टवेअर मिळण्याचे जे अधिकृत भांडार आहे, त्याचा पत्ता यंत्राला नोंदवून द्यावा. तेथून माल उतरविताना यंत्र एक लांबलचक ठसा दाखविते आणि विचारते, हा ओळखीचा आहे काय? बहुतेक जण न वाचताच 'हो' म्हणतात. तसे करू नये. रजिस्टर टपालाची पाकिटावरची मोहोर पाहिल्याशिवाय आपण सही करतो का? डॉकरच्या माहितीपत्रकात छापलेल्या ठशाशी तो अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. शेवटी चाचणीची एक चिमुकली पेटी मागवून उघडावी. तिने नमस्कार केला की काम झाले.

झाले, असे मलाही वाटले होते.

रायगडच्या किनाऱ्यावर दोन-चार शाळा चालविणारी एक लहान संस्था आहे. २०१९ साली मी तेथे एका जुन्या सर्व्हरवर हे सारे बसवून दिले. पेट्यांवर देखरेख करणारा डॉकरचा एक मुकादम असतो. सेंटओएस किंवा रेड हॅटवर सॉफ्टवेअर बसविले तरी हा मुकादम आपण होऊन कामाला लागत नाही, त्याला बोलवावे लागते. बोलावण्याच्या तऱ्हा दोन. आजच्यापुरते हाक मारणे ही एक. यंत्र जेव्हा जेव्हा सुरू होईल तेव्हा तेव्हा हजर राहा, अशी कायमची नेमणूक देणे ही दुसरी. मी हाक मारली. नेमणूक द्यायला विसरलो. यंत्र रात्रंदिवस चालूच असे, त्यामुळे आठ महिने कोणाच्या काही ध्यानात आले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. पोफळी झोपल्या, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ती आली तेव्हा यंत्र सुरू झाले, पण मुकादम नव्हता आणि पेट्याही बंद. मी टाळेबंदीमुळे पुण्यात अडकलेलो. तिथल्या एका हुशार मुलाने खटपट करून मुकादमाला उभे केले; पेट्या तरीही उठेनात. वीज गेल्यावर आपोआप उठा, असे मी त्यांनाही सांगून ठेवले नव्हते. पेटी बिघडली असे समजून त्याने ती काढून टाकली आणि साच्यातून नवी काढली. नवी पेटी छान चालली. फक्त आत एकही नोंद नव्हती.

हे असे का झाले, ते पेणच्या गणपतीवरून चटकन समजेल. पेणच्या कारखान्यात साचा असतो. साच्यातून मूर्ती निघते. मूर्तीचे विसर्जन झाले तरी साचा शाबूत, पुढच्या वर्षी तशीच मूर्ती निघते. पेटी म्हणजे ही मूर्ती. ती केव्हाही विसर्जित व्हायचीच. पण विसर्जनापूर्वी घरची बाई मूर्तीच्या गळ्यातला सोन्याचा हार काढून घेते ना? मुलांच्या नोंदी म्हणजे तो हार. त्या पेटीच्या बाहेर, यंत्राच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या असतात, आणि पेटीला फक्त त्या कप्प्याची वाट दाखवायची असते. मी हार मूर्तीच्या गळ्यातच ठेवला होता. त्या मुलाचा काडीचाही दोष नव्हता.

दाखले वाचले ते शाळेच्या लेखनिकामुळे. त्यांनी वादळाच्या आदल्या रात्री जनरल रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवले होते. ते पुढ्यात घेऊन आठ महिन्यांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत, हे जास्त लागले.

आणखी दोन गोष्टी घाईघाईने सांगतो. रेड हॅटच्या घराण्यात 'एसई-लिनक्स' नावाचा पहारेकरी असतो. बाहेरचा कप्पा पेटीला जोडताना त्याच्यावर योग्य ती चिठ्ठी नसेल तर हा पहारेकरी अडवितो. अशा वेळी त्यालाच घरी पाठवा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका, चिठ्ठी चिकटवा. दुसरे, 'डॉकर' नावाच्या गटात कोणाचे नाव घातलेत, की त्याला अख्ख्या यंत्राची किल्ली दिलीत, हे समजून असा. रेड हॅटने तर मे २०१९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून डॉकर आपल्या भांडारातून काढलेच आणि 'पॉडमन' पुढे केले. त्यात कायमचा मुकादम नाही, आणि साध्या माणसाला साध्या अधिकारात पेटी चालविता येते. लहान संस्थेने नव्याने आरंभ करायचा तर माझे मत पॉडमनला.

हे सगळे शाळेपुरतेच आहे, असे मात्र समजू नका. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला आणि मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रे बंद पडली. न्हावा-शेव्यातले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले. पेट्या जागच्या जागी, क्रेन शाबूत. पण कोणती पेटी कोणाची, हे सांगणारी यंत्रेच गप्प. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले, असे त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत सांगितले. ते डॉकरने झाले असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या यंत्रांच्या जाळ्याची मूळ यादी वाचली कशी, ते ऐका. घाना देशातल्या एका कचेरीत नेमकी त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथले एक यंत्र बचावले. आपल्याकडे वीज जाते म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही!

त्या संस्थेत आता सर्व्हरच्या शेजारी भिंतीवर एक कागद टांगला आहे. कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायची, कोणता कप्पा कुठे आहे, हे लेखनिकांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले आहे. नोंदींची एक प्रत दर शनिवारी दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. आणि दरवर्षी ३ जूनला, शाळा उघडण्याच्या आत, आम्ही मुद्दाम मुख्य बटण बंद करतो, पेटी काढून टाकतो आणि त्या कागदावरून पुन्हा उभी करतो. गेल्या खेपेला हे काम मी नुसता खुर्चीवर बसून पाहिले. लेखनिकांनीच केले.